आमच्या वरकसावरची वनघुबडं

इथले बाकीच्यांचे अनुभव वाचताना मी दर वेळी तेच केलंय, जे वर्गात करते — चूक शोधलीय. वारा असेल, मांजर असेल, जागरण झालं असेल, चष्म्याचा नंबर वाढला असेल... माझा नवरा म्हणतो, हिला भूत भेटलं तर ही आधी त्याला वर्गीकरण विचारेल. खरंय ते. मी भिवंडीत शाळेत विज्ञान शिकवते, आणि भुतंखेतं, करणी, शकुन यातलं काहीही मी कधी मानलं नाही. आजही मानत नाही. तरीही हे लिहायला बसलेय, कारण या एका प्रसंगात मला चूक सापडत नाही, आणि चूक सापडली नाही की माझं डोकं फिरतं.

आधी घुबडांबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

ठाण्याच्या एका निसर्गमंडळाबरोबर मी शिबिरांना जायची. तिथे मला घुबडांचं वेड लागलं. दिसण्याचं नाही, ऐकण्याचं. घुबड दिसतं कुठे? ते ऐकावं लागतं. मंडळाकडून एक कॅसेट आणली होती, ती मी पोळ्या लाटताना लावायची. पिंगळ्याची जोडी म्हणजे चाळीतलं नवरा-बायकोचं भांडण — चिरक चिरक, दोघं एकदम, कुणीच कुणाचं ऐकत नाही. जंगली पिंगळा म्हणजे सुरू न होणारी बुलेट, कुर्र-कुर्र करत वेग घेते आणि बंद पडते. शृंगी घुबड अगदी गंभीर, खोल आवाजात दोनच अक्षरं — बू... बो. आणि वनघुबड! वनघुबड पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतोच. कापऱ्या आवाजात कुणी म्हातारं माणूस हसावं तसं — हुऽआऽ-आ-आ-आ... वर चढतं आणि थरथरत खाली येतं. दोन-तीन वर्षांत मी इतकी तयार झाले की शिबिरात मुलं पैजा लावायची आणि मी जिंकायची. मला जिंकायला आवडतं, लपवत नाही.

सासरी मात्र या विद्येची किंमत शून्य. आमचं मूळ घर दिघाशीला, अंबाडीवरून आत. मी आणि माझा नवरा दिनेश नोकरीमुळे भिवंडीत राहायचो, गावी सासूबाई आणि धाकटा दीर नरेश. नरेशभाऊजींचा टेम्पो होता, वडप्याच्या गोदामांना लावलेला. आम्ही सुट्टीला गेलो की ओटीवर बसून मी संध्याकाळी कान टवकारायची, आणि आतून आईंचा आवाज यायचा — "वंदने, गो, घुबडाला काय हाका मारतेस? कोनाच्या जिवावर उठलीस? मास्तरीन सून केली ती घुबडं राखायला?" शेजारपाजारच्या बायका फिदीफिदी हसायच्या. आईंनी माझं नावच घुबडीण पाडलं होतं. मीही ऐकून घेणारी नव्हे. आमच्या दोघींचं चालूच असायचं. पण आजारी पडले की सर्वांत आधी एस.टी.त बसून भिवंडीला येणाऱ्या त्याच, तेही सांगायला हवं.

गावामागे उतारावर आमची वरकस जमीन आहे. भात होत नाही, नागली-वरई कधीतरी, बाकी साग, ऐन, करवंदीच्या जाळ्या. अगदी वरच्या टोकाला एक जुना रायवळ आंबा होता, आणि त्याच्या ढोलीत वनघुबडांची जोडी. ती मी शोधली होती! एका शिमग्याच्या सुट्टीत मी त्या आंब्याखाली जाऊन बसले, तर डोक्यावरून आवाज आला — टक्, टक्-टक्. घुबड चोच वाजवत होतं. हे कॅसेटवर नसतं. ढोलीत अंडी किंवा पिल्लं असली आणि कुणी अगदी झाडाखाली आलं, तरच घुबड असं करतं, आणि जवळ असल्याशिवाय ते ऐकूही येत नाही. मी आनंदाने घरी येऊन सांगितलं. आई म्हणाल्या, "बरा झाला, तुना हाकलवला त्यानी."

गावात त्या आवाजाला वेगळं नाव होतं — म्हातारी. म्हातारी हसली की ज्या दिशेने हसली तिकडे पाऊल टाकायचं नाही. वाटेत असलात तर मागे फिरायचं, घरी येऊन पायावर पाणी घ्यायचं आणि त्या दिवशी तिकडची कामं सोडून द्यायची. शिकलेसवरलेलेही हे पाळायचे. बायका लाकडाच्या मोळ्या टाकून मागे आलेल्या मी पाहिल्यात.

आणि अजून एक रीत, ही फक्त आमच्या घरातली. शिमग्याच्या आधी घरातल्या थोरल्या बाईने उताराच्या मध्यावर असलेल्या बापदेवाला नैवेद्य न्यायचा. देव म्हणजे शेंदूर लावलेला एक दगड. पहाटे उठून, अनवाणी, एकटीने जायचं, आणि घरातून निघाल्यापासून परत उंबरा ओलांडेपर्यंत तोंडातून एक शब्द काढायचा नाही. मुकी जायची, मुकी यायची. आई हे वर्षानुवर्षं करत होत्या. मला यात गंमत वाटायची ती एवढीच, की आईंना वर्षातून एकदा तरी गप्प बसवणारा देव आहे.

तर त्या वर्षी — दोन हजार सहा की सात, नक्की आठवत नाही, पण वार्षिक परीक्षेचे पेपर काढायचे दिवस होते — दुपारी स्टाफरूममध्ये दिनेशचा फोन आला. आई सकाळी देवाला गेल्या त्या परत आल्याच नाहीत. देवापाशी नैवेद्य आहे, फोडलेला नारळ आहे, आई नाहीत.

आम्ही मोटरसायकलवरून निघालो. उन्हाने वाडा रस्ता नुसता तापला होता. आईंचं वय सत्तरीच्या आसपास, साखर होती, आणि सकाळपासून पोटात काही नाही, कारण नैवेद्य दाखवून आल्यावरच त्या खायच्या. मी मागे बसून मनात हिशेब करत होते की या उन्हात अशी बाई पाण्याशिवाय किती टिकेल, आणि जे उत्तर येत होतं ते मी दिनेशला सांगितलं नाही. मी खूप घाबरले होते.

गावात पोचलो तर अंगण माणसांनी भरलेलं. ओहोळ बघून झाला होता, विहिरी बघून झाल्या होत्या, देवाची वाट तर चार वेळा पालथी घातलेली. नरेशभाऊजी ओटीच्या पायरीवर बसले होते, तोंड पांढरं पडलेलं.

"वरच्या अंगाला कोण गेलं होतं?" मी विचारलं.

भाऊजींनी मान खाली घातली. शेजारचे बाळारामकाका म्हणाले, "दोन टायमाला गेलतो आमी. देवाच्या पुढं जराशीक गेलो का म्हातारी हसली. आता मानसांनी काय करायचा? फिरलो."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही टायमाला. दिसाची हसली, वंदना. भर दिसाची. असा कंदी आयकला न्हाय."

आता माझा स्वभाव लक्षात घ्या. सगळं गाव हादरलेलं, आणि माझ्या डोक्यात विज्ञान सुरू झालं. वनघुबड सांजेला बोलतं, पहाटे बोलतं. भर दिवसा सहसा बोलत नाही. बोललं तर त्याला कुणीतरी सतावलंय. म्हणजे ढोलीपाशी काहीतरी आहे. आणि मार्च महिना म्हणजे पिल्लांचे दिवस...

"चला," मी म्हटलं. "आई वरच्या आंब्याखाली आहेत."

कुणी हललं नाही. भाऊजी उठून माझ्यासमोर आडवे उभे राहिले. "वहिनी, नको. तिथं जाव नको."

"का नको?"

"नको म्हनतो ना! म्हातारी हाय तिथं."

"भाऊजी, ती म्हातारी नाही, ते घुबड आहे, आणि आपली म्हातारी त्याच्याखाली पडलीय," मी ओरडले. आजवर मी त्यांच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. दिनेश आधीच पायात चप्पल सरकवत होता.

आम्ही दोघं चढायला लागलो. मागून भाऊजी आणि दोघं-तिघं, अंतर ठेवून. ऊन कलतं झालं होतं पण लख्ख होतं, पायाखाली सागाची वाळलेली पानं नुसती कडकड वाजत होती. बापदेव मागे टाकला आणि समोरून आवाज आला.

हुऽआऽ-आ-आ-आ...

मागची माणसं जागच्या जागी थांबली. मी नाही थांबले. कॅसेटवर शेकडो वेळा ऐकलेला आवाज! चढाव, थरथर, शेवटचं ते घशात विरत जाणं... शंभर टक्के वनघुबड, आणि नर. खरं सांगते, इतकी घाबरलेली असूनही मला आतून आनंदाची उकळी फुटली. कारण आता मला माहीत होतं कुठे जायचं. मी पळत सुटले.

आवाज पुन्हा आला. मग जवळ गेल्यावर तो थांबला आणि दुसरा सुरू झाला — टक्. टक्-टक्. चोच. अगदी डोक्यावर, पूर्वी ऐकला होता तिथेच, तेवढ्याच उंचीवर. मी धापा टाकत वर पाहिलं.

वर आभाळ होतं.

नुसतं आभाळ. फांदी नाही, पान नाही. मला वाटलं मी वाट चुकले. पण करवंदीची ती जाळी तीच, तो पसरट खडकही तोच. आंबा नव्हता. आंब्याच्या जागी मोठा खड्डा होता, कडेला उकरलेल्या लाल मातीचा ढीग, खड्ड्यात वाऱ्याने आणून टाकलेली सागाची पानं. आणि वरून, मोकळ्या हवेतून, टक्-टक्-टक्... दिनेश माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्यानेही वर पाहिलं. मी त्याचा हात धरला.

"ऐकतोयस ना?" मी विचारलं.

"ऐकतोय," तो म्हणाला.

मागून भाऊजींचा आवाज आला, रडवेला. "वहिनी, तेच सांगत होतो. तिथं झाड न्हाय. दिवालीला तोडला. जेसीबी लावून खोडासकट काढला. तू भांडशील म्हनून कोनी तुना सांगितला न्हाय, दादालाबी न्हाय... झाड न्हाय आनि आवाज येतंय वरून, सकालपासून! मी कसा जानार पुढं?"

मला राग यायला वेळच मिळाला नाही. कारण खड्ड्यातली पानं हलली.

मी कडेला पोटावर आडवी झाले आणि पानं बाजूला केली. आत आई होत्या. पाय वेडावाकडा अंगाखाली, कपाळावर वाळलेलं रक्त, ओठ फुटलेले. डोळे मात्र उघडे आणि माझ्याकडे रोखलेले. मी किंचाळले, "आई! आहेत! जिवंत आहेत!" आणि ज्या क्षणी मी हे ओरडले त्या क्षणी वरची टकटक बंद झाली. परत आली नाही.

पुढचं सगळं घाईचं. दिनेश खड्ड्यात उतरला. मघाशी पाय मागे घेणारे सगळे धावत आले, कुणी खाली जाऊन बाज घेऊन आलं, कुणी पाणी. मी पदर ओला करून आईंच्या ओठांना लावला. भाऊजी खड्ड्याच्या कडेला गुडघे टेकून हुंदके देत होते, "आय, हाक तरी मारायची गो! आमी खाली फिरत होतो!"

आईंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते गप्प झाले. मग त्यांनी एक बोट उचलून स्वतःच्या ओठांवर ठेवलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. देवाकडून परत येऊन उंबरा ओलांडेपर्यंत बोलायचं नाही. बाईचा पाय मोडला होता, घसा सुकला होता, मुलगा खालून हाका मारत होता — आणि बाई रीत पाळत मुकी पडून होती! मला हसू आणि रडू एकदमच आलं. "आई, तुमच्या देवाने हे माफ केलं असतं हो," मी म्हटलं. त्यांनी माझ्या हातावर एक चापट मारली. चापटीत जोर होता. मला इतका आनंद आयुष्यात कुठल्या पैजेने दिला नाही.

बाज खांद्यांवर घेऊन आम्ही उतरलो. ती वरात होती, दुसरा शब्द नाही. पुढे बाळारामकाका वाट मोकळी करत, "हटा, हटा, घावली म्हातारी!" असं ओरडत, मागे पोरं-बाया, कुणीतरी होळीसाठी आणलेली ढोलकी काढून बडवायला लागलं. खाली गाडी तयार होती, दिनेश म्हणत होता थेट हॉस्पिटल. आईंनी बाजेची दांडी दोन्ही हातांनी घट्ट पकडली आणि घराकडे मान वळवली. कुणाची टाप होती नाही म्हणायची! बाज तशीच अंगणातून नेऊन उंबऱ्यापलीकडे टेकवली.

सगळे बाजेवर वाकले. मला वाटलं आता भाऊजींची खरडपट्टी निघणार.

आईंनी पाण्याचा घोट घेतला आणि माझ्याकडे बघून बोलल्या. घसा पार बसला होता. "वंदने... ती आली गो परत. तुजी घुबडं. झाड न्हाय तरी आली."

मी त्यांचा हात धरून तशीच बसले.

"नारल फोडला आनि आयकला मी," त्या म्हणाल्या. "आमी झाड तोडून टाकला, तुना सांगितला न्हाय. मना वाटला, आली असतील तर बघून येवया. तू आलीस का सांगीन. तोंड फुगवून बसनार होतीस ना... म्हनून गेलते. वरती बघत बघत गेलते, खाली बघितलाच न्हाय."

मी ओला पदर पुन्हा त्यांच्या ओठांना लावला.

"आनि मग पडले तवापासून वरती बसून चोची वाजवते. डोला लागला का वाजवते, लागला का वाजवते... दिसभर मना झोपू दिली न्हाय मेलीनी."

साखर असलेली उपाशी बाई त्या उन्हात झोपेत गेली असती तर काय झालं असतं, हे मला हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी सांगितलं.

आता तुम्ही चुका शोधणार, शोधा. मी सगळ्या शोधून झाल्यात. भृंगराज पक्षी नकला करतो, मला माहीत आहे, पण नकलाकाराला बसायला फांदी लागते. प्रतिध्वनी म्हणाल तर उतार उघडा आहे आणि समोर कडा नाही. सर्वांत जवळचे साग बरेच खाली, त्या दिवसांत निष्पर्ण, त्यावर चिमणी बसली तरी दिसली असती. शिबिरातल्या एका जाणकार मित्राला घेऊन मी पुढच्या आठवड्यात वर गेले. सांज होईपर्यंत आम्ही बसलो, कॅसेट वाजवली, उत्तर आलं नाही. खड्ड्याभोवती पीस नाही, विष्ठा नाही, घुबड टाकतं तसली हाडकांची गोळी नाही. मित्र म्हणाला, "तू घाबरलेली होतीस." मी म्हटलं, घाबरलेली होते, बहिरी नव्हते. आणि मी एकटीने ऐकलं असतं तर मीच माझ्यावर विश्वास ठेवला नसता. दिनेशने ऐकलं, भाऊजींनी ऐकलं, अर्ध्या गावाने दिवसभर ऐकलं, आणि ज्यांचा जीव त्यावर टांगला होता त्यांनी सर्वांत जास्त ऐकलं.

उत्तर माझ्याकडे नाही. आवाज कुणाचा, हे मी छातीठोक सांगू शकते — वनघुबड, नर, ढोलीजवळ. तो कुठे बसला होता, हे मला आजही सांगता येत नाही.

आईंचा पाय जुळला, थोडा आखूड राहिला. त्या वर्षीच्या होळीला आमच्या घरचा नारळ दर वेळी भाऊजी टाकायचे, तो आईंनी प्लॅस्टरमधला पाय खुर्चीवर ठेवून, सगळ्या गावादेखत माझ्या हातात दिला. कुणीतरी कुरकुरलं की ही तर बाईमाणूस, मान नरेशचा. आई तिथूनच गरजल्या, "माजी सून हाय ती! घुबडीन! जा गो वंदने, फेक!"

मी फेकला. इतक्या जोरात, की तो होळीच्या पार पलीकडे जाऊन पडला आणि पोरं तो आणायला ओरडत धावली.